ओट्याखालचं पातेलं

चहा घ्या आधी. आणि तळाशी घोटभर ठेवू नका हं. उरलेला घोट दिसला की माझ्या मनात काहीतरी हलतं, आणि ते हललं की घरादाराचं काय होतं, तेच आज सांगणार आहे. सांगायला लाज वाटते खरी. पण गंगापूर रोडवरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीला हे तोंडपाठ आहे, लासलगावात माहीत आहे, चांदवडला तर जरा जास्तच माहीत आहे. मग तुम्हीच काय पाप केलंय?

मी खैरनार. सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून. नोकरीभर मी एकही कागद फेकला नाही. "असू दे, कधीतरी लागेल," हे माझं ब्रीद. ते कागद कधीच लागले नाहीत. पण कचेरीतल्या उंदरांच्या कितीतरी पिढ्या त्यांच्यावर पोसल्या गेल्या, म्हणजे तेही वाया गेले असं म्हणता येणार नाही.

निवृत्त झालो आणि जपायला काही उरलंच नाही. अशा रिकाम्या माणसानं व्याख्यानांना जाऊ नये. मी गेलो. आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात एक बाई आल्या होत्या. अन्नाची नासाडी हा विषय. फार छान बोलल्या. म्हणाल्या, ताटातला एक घास टाकला की त्यामागचं पाणी टाकलं, वीज टाकली, डिझेल टाकलं, कुणाच्या तरी पाठीवरचं ऊन टाकलं. आणि ते अन्न कचऱ्यात सडून वर वायू सोडतं, तो पृथ्वीला आणखी तापवतो. नाशकात मे महिन्यात हे ऐकलं की पुरावा मागावा लागत नाही.

गोष्ट खरी होती. आजही मला ती खरीच वाटते. वाईट एवढंच झालं, की ती माझ्या कानावर पडली.

दुसऱ्या दिवसापासून मी घर हातात घेतलं. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी. कोथिंबिरीच्या देठांची चटणी. मटाराच्या सालांचं सूप! तुम्ही प्यायलात कधी? पिऊ नका. शोभा, म्हणजे आमची बायको, पहिले काही दिवस गप्प होती. मग एकदा ताट वाढता वाढता म्हणाली,

"अहो, शिळ्या पोळीचा कुस्करा या घरात कधीपासून होतो?"

"पहिल्यापासून."

"उरलेल्या भाताला फोडणी? आंबट ताकाची कढी? वरणाची थालीपिठं?"

"तेही होतंच की."

"मग तुम्ही नवीन काय शोधलंत? मी लग्न झाल्यापासून हेच करतेय. तुम्ही नुसते खात होतात. बघत नव्हतात."

हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. मीही अगदी शांतपणे ऐकलं नाही.

घरात काम उरेना म्हणून मी सोसायटीत उतरलो. दारोदार जाऊन लोकांचे फ्रिज बघायला लागलो. हसू नका, लोक दाखवायचे! निवृत्त माणसाला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मी फ्रिजपर्यंत पोचलेलो असे. दुसऱ्या मजल्यावर पाटणकर काकू एकट्या राहतात. ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या फ्रिजमध्ये अगदी मागे एक स्टीलचा डबा सापडला. उघडला, तर आत तपकिरी, दगडासारखा गोळा.

"काकू, हे काय?"

"अनारशाचं पीठ. दिवाळीचं."

"दिवाळीचं? काकू, आता अधिक महिना लागायला आला!"

"ते टिकतं हो."

"टिकतं म्हणून ठेवायचं का? हौसेनं जास्त करायचं आणि कोपऱ्यात कोंबायचं, हीच तर नासाडीची पहिली पायरी! करून तरी टाका, नाहीतर टाकून तरी द्या."

काकू "बरं" म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसांच्या "बरं"मध्ये किती अर्थ असतात, हे कळायला मला अजून थोडं म्हातारं व्हायला हवं होतं.

आता अधिक महिन्याचं सांगतो. आमच्या प्राजक्ताचं लग्न गेल्या वर्षी झालं. सासर चांदवडचं, कांद्याची शेती, माणसं भली. तर लग्नानंतरचा हा पहिला अधिक. आपल्याकडे या धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. अधिक येतो तीन वर्षांनी. आणि पहिला धोंडा एकदाच. चुकला की चुकला. शोभाच्या डोक्यात दोन महिने दुसरा विषय नव्हता.

त्यातून आमच्या विहीणबाई. अनारशांत त्यांचा हात धरणारं चांदवडात कुणी नाही म्हणतात. लग्नातच रुखवतातला अनारसा उजेडात धरून, त्याची जाळी बघून त्या म्हणाल्या होत्या, "पीठ इकतचं दिसतंय." बस, एवढंच. टोमणा नव्हता, नुसती नोंद होती. पण शोभाला ते लागलं. त्यांना फोनवर ती सांगून बसली, "धोंड्याला या तुम्हीही. यंदा पीठ घरचं असेल."

हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की घरचं पीठ म्हणजे काय करतात! आमच्याकडे दर दिवाळीला बचत गटाच्या बायकांकडून पिठाची पिशवी यायची. पिठाआधी तांदूळ असतात हे मी जाणून होतो, अडाणी नाही मी. पण ते तांदूळ तीन दिवस पाण्यात बसून चांगले आंबावे लागतात, हे मला कुणी कधी सांगितलं? वाचनात आलं नाही. आणि मी बरंच वाचतो.

त्या गुरुवारी शोभा लासलगावला बहिणीकडे निघाली. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एक रात्र राहून परत. निघताना उंबऱ्यातून म्हणाली,

"डबा करून ठेवलाय. स्वयंपाकघरात कशाला हात लावू नका."

हे ती दर वेळी म्हणते. देवळाबाहेर "चपला येथे काढू नयेत" लिहिलेलं असतं ना, तसं ते. आपण वाचतो आणि तिथेच काढतो.

दुपारी पाणी प्यायला आत गेलो, तर वास! आंबूस. हुंगत हुंगत निघालो. फ्रिज साफ. कचऱ्याचा डबा साफ. शेवटी खाली वाकलो, तर ओट्याखाली, अगदी कोपऱ्यात, स्टीलचं पातेलं. वर झाकण, झाकणावर फुलपात्र. उघडलं. आत तांदूळ, वर पांढरट पाणी, बारीक बुडबुडे!

तुम्ही काय समजला असता? खरं सांगा. नाही, तुम्ही बायका बोलू नका. मी पुरुषांना विचारतोय.

मी समजलो, शोभा विसरली. इडलीसाठी म्हणून भिजवले असतील आणि बहिणीच्या डोळ्याच्या काळजीत राहून गेले. माझं मन भरून आलं. जिनं जन्मभर भाताचं शीत टाकलं नाही, तिच्या हातून पातेलंभर तांदूळ नासावेत! आल्यावर तिला किती वाईट वाटेल! नाही. मी तिला वाईट वाटू देणार नव्हतो. हे तांदूळ मी वाचवणार होतो.

कसे, ते मात्र माहीत नव्हतं. म्हणून समोरच्या गायकवाड सरांचं दार वाजवलं. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. गायकवाड वहिनी नेमक्या मुलाकडे पुण्याला गेलेल्या. त्या घरी असत्या तर हा किस्सा इथेच संपला असता आणि तुम्ही आतापर्यंत घरी पोचला असता.

"जय भीम, सर. जरा वास घ्या."

सरांनी पातेल्यावर वाकून डोळे मिटून वास घेतला. "किण्वन," ते म्हणाले.

"म्हणजे खराब?"

"छे! इडलीच्या पिठात होतं तेच. सूक्ष्म जीवांचं काम आहे हे, खैरनार. उत्तम अवस्थेत आहेत तांदूळ. उत्तम! असं वाटतं, कुणीतरी मुद्दाम इथपर्यंत आणलेत."

बघा! विज्ञान अगदी दारात येऊन उभं होतं. आम्ही दोघांनी त्याला चहा न विचारता परत पाठवलं.

"मग काय करायचं यांचं?"

"धिरडी. आई करायची आमची."

"तुम्हाला येतात?"

"मला खाता येतात. पण तत्त्व माहीत आहे."

तत्त्वावर आम्ही मिक्सर लावला. पहिल्यांदा झाकण धरायचं राहिलं, तेव्हा सरांच्या चष्म्याला आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला प्रसाद मिळाला. मग मिरची घातली, जिरं, मीठ, आणि अर्थातच कोथिंबिरीचे देठ. पहिलं धिरडं तव्यानं ठेवून घेतलं. दुसरं अर्धं दिलं. पण तिसरं! तिसरं असं सुटलं, कडेनं जाळीदार, मध्ये लुसलुशीत, की आम्ही दोघं निवृत्त सरकारी माणसं गॅससमोर उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

"सर, हे टाकलं असतं तर?"

"पाप लागलं असतं, खैरनार."

आम्ही खाल्ली. उरली ती जिन्यानं खालीवर वाटली. वॉचमनला दिली, तो म्हणाला, "लय भारी, काका." पाटणकर काकूंकडे मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि चघळायच्या थांबल्या.

"तांदूळ छान आंबलेत हो. किती दिवस भिजत होते?"

"कोण जाणे! शोभा विसरली होती."

"शोभा? विसरली?" काकूंनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "अधिकात?"

"होतं काकू, वयानुसार."

"बरं," काकू म्हणाल्या.

दुसरं "बरं". मी तेही तसंच सोडलं.

इथे तरी थांबायचं ना माणसानं? पण सरांनी फोटो काढला होता. ताटात धिरड्यांची चळत, शेजारी रिकामं पातेलं आणि मागे मी, हातात उलथनं. तो फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथे अंगठे पडायला लागले. अंगठे बघून मला चढली. मग मी तो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर कोण आहे? शोभा आहे, प्राजक्ता आहे, जावई आहेत, आणि चांदवडच्या विहीणबाई आहेत. खाली मजकूर लिहिला: "घरात ओट्याखाली विसरून राहिलेले, आंबून गेलेले तांदूळ. फेकून दिले असते तर? थोडी दृष्टी बदला, अन्न वाचेल, पृथ्वी वाचेल."

पृथ्वीचं मला माहीत नाही. मी काही वाचणार नव्हतो.

पहिलं उत्तर विहीणबाईंचं. "तांदूळ किती दिसाचे व्हते भाऊ?"

मला आनंद झाला. एवढी कामातली बाई आपल्या कार्यात रस घेतेय! मी लिहिलं, "वासावरून दोन-तीन दिवसांचे तरी."

"गूळ घातला का नाय?"

"नाही, तिखट केली. मिरची-जिरं."

मग त्यांच्याकडून हात जोडलेलं चित्र आलं. मला वाटलं, वंदन करतायत. मीही उलट हात जोडले. मोठं मन लागतं हो दाद द्यायला, असंही मी सरांना म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. शोभा.

"अहो, ते पातेलं कुठलं?"

"ओट्याखालचं. अगं, तू विसरली होतीस..."

"झाकणावर फुलपात्र होतं?"

"होतं ना."

मागे लासलगावच्या रस्त्यावरचे कांद्याचे ट्रॅक्टर ऐकू येत होते. एक गेला. दुसरा गेला.

"त्यातलं काही शिल्लक आहे?" तिनं विचारलं. अगदी बारीक आवाजात.

आणि मी, छाती फुगवून, म्हणालो, "एक कणसुद्धा वाया घालवला नाही!"

फोन बंद झाला.

शुक्रवारी दुपारी शोभा आली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पातेलं बघितलं. मी ते घासून लख्ख करून ठेवलं होतं, स्वतःचा चेहरा दिसेल असं. त्यात तिनं डोकावलं आणि खुर्चीवर बसली.

"अनारशाचे होते," ती म्हणाली. "आज उपसून पंच्यावर पसरायचे होते सावलीत. मग कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे. मग ते पीठ आठवडाभर मुरलं की तळायचे."

"मग आज परत भिजवू! मी भिजवतो."

"आज भिजवले तर मुरेपर्यंत अधिक संपतो. कच्चं पीठ तुपात सोडलं की अनारसा हसतो."

हसतो म्हणजे फसकतो. कढईत विरघळून पसरतो. त्याला बायका हसणं म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वतः मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

"विकतचं आणू? कुणाला कळतंय?"

"ज्यांना कळतं त्याच येणार आहेत." तिनं रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "अहो, मला त्यांना हरवायचं नव्हतं. पोरीच्या पहिल्या धोंड्याला माझ्या हातचं असावं, एवढंच होतं. आणि तुम्ही त्यांनाच कळवलंत, की मी तांदूळ विसरून नासवते."

मी जन्मभर सरकारी पत्रांना उत्तरं लिहिली. "आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." एकही वाक्य कामाला आलं नाही. म्हटलं, "माझं चुकलं." फार लहान वाक्य आहे. पण आमच्या कचेरीत ते कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि मग मला तो डबा आठवला. तपकिरी. दगडासारखा. मागच्या बाजूला.

मी धावलो. दोन मजले, या वयात, एका दमात. पाटणकर काकूंनी दार उघडलं.

"काय हो, पाहणी?"

"नाही काकू." मला दम लागला होता. "ते तुमचं... दिवाळीचं पीठ..."

"टाकलं."

"टाकलं?"

"तुम्हीच नाही का म्हणालात? नासाडीची पहिली पायरी."

मी तिथेच पायरीवर बसलो. पहिल्याच. काकूंचे खांदे हसून हलायला लागले.

"उठा हो, उठा! तुमच्या सांगण्यावरून टाकायला लागले तर घरात राहील काय? तुम्ही फ्रिज उघडता म्हणून डबा तिथून काढून देवाच्या कपाटात ठेवलाय. म्हटलं, तिथे तरी पाहणीला येणार नाहीत." आणि आतून डबा आणून माझ्या हातात देत म्हणाल्या, "धिरडी खाल्ली तेव्हाच कळलं होतं मला. जीभ म्हातारी झाली तरी तांदूळ ओळखते. तेव्हापासून वाट बघतेय तुमची."

"मग तेव्हाच का नाही बोललात काकू?"

"तुम्ही बोलू देता का कुणाला?"

त्या दिवशी मी पाटणकर काकूंना वाकून नमस्कार केला. मनापासून. वर उठताना त्यांनीच हात दिला.

शोभानं डबा उघडला, पीठ बोटांनी चुरलं, वास घेतला. आणि पदर खोचला. हा पदर खोचलेला बघून मला जे वाटलं, ते पगारवाढीच्या कुठल्याही कागदानं वाटलेलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, धोंड्याच्या दिवशी, सकाळी कढई चढली. पीठ थोडं होतं म्हणून अनारसे लहान करायचे ठरले. पिठात चमचाभर दूध, इवलंसं केळं कुस्करून. खसखशीवर थापायचे आणि खसखस वर ठेवून तुपात सोडायचे. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायची परवानगी होती. पहिला अनारसा तुपात गेला. आम्ही दोघांनी श्वास रोखला. तो फुलला, जाळी धरली, लालसर झाला आणि शहाण्यासारखा राहिला. हसला नाही. दुसराही नाही. एकही नाही. त्या आठवड्यात मला बघून न हसलेले एवढेच.

दुपारी मंडळी आली. धोंडे झाले, जेवणं झाली. शोभानं जावयांना पाटावर बसवलं, ओवाळलं आणि दिव्यासकट तेहतीस अनारशांचं ताट हातात दिलं. वाण जावयाचं, पण आम्हा दोघांचं लक्ष विहीणबाईंकडे. त्यांनी वेगळ्या वाटीतला एक उचलला. खिडकीपाशी नेला. उजेडात धरला. शोभाचा हात पदराशी चाळा करत होता.

"पीठ कवाचं हाये?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. शोभा म्हणाली, "दिवाळीचं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. माझं पीठ..."

"तुमचं यांनी खाल्लं," विहीणबाई म्हणाल्या आणि अनारसा मोडून तोंडात टाकला. डोळे मिटले. "जुनं पीठ सोनं असतंय. नवख्या हाताला जुनं पीठ नाय साधत. लय गुणाचा हात हाये इहीणबाई तुमचा."

शोभाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात विहीणबाईंनी आपली पिशवी जवळ ओढली आणि आतून एक डबा काढून हळूच शोभापुढे सरकवला.

"हे काय?"

"पीठ. आमच्या घरचं. भाऊंचा मेसेज वाचला तवाच वळखलं मी, आन् म्हणलं आता इहीणबाईचं कसं व्हायचं? वाण तर कमी पडाया नको. तुम्ही केलं नसतं तर आत जाऊन गुपचूप दोघींनी तळलं असतं. पोराला काय कळतंय?"

मी त्या बाईंना इतके दिवस परीक्षक समजत होतो. मुलाकडच्या असून, मुलीकडच्या घराचं वाण भरून निघावं म्हणून त्या चांदवडहून मांडीवर पीठ घेऊन आल्या! आणि ते हात जोडलेलं चित्र? तेही विचारून घेतलं.

"ते व्हय? ते देवाला जोडले व्हते, भाऊ. म्हणलं, आता तूच बघ रे बाबा!"

घर हसलं. सगळ्यात जास्त शोभा. किती दिवसांनी तिला तसं हसताना ऐकलं. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

मग आमचे जावई, निखिलराव, गरीब माणूस, वाणाचं ताट जपून बाजूला ठेवत म्हणाले, "बाबा, मला अनारसे फारसे आवडत नाहीत खरं तर. ती फोटोतली धिरडी आहेत का थोडी?"

"अहो," प्राजक्ता त्यांना कोपरानं ढोसत म्हणाली, "गप्प बसा!"

विहीणबाईंच्या पिठाचे अनारसे संध्याकाळी तळले आणि ज्यांनी ज्यांनी धिरडी खाल्ली होती त्यांच्या घरी वाटले. एकही उरला नाही. गायकवाड सरांनी खाऊन सांगितलं, "किण्वन!" मी म्हटलं, "सर, पुरे."

तेव्हापासून मी कुणाचा फ्रिज उघडत नाही. व्याख्यान खोटं नव्हतं, अन्न वाचवायलाच हवं. फक्त ते वाचवणारी माणसं माझ्या आधीपासून माझ्या आजूबाजूला होती. कुणी देवाच्या कपाटात वाचवत होतं, कुणी पिशवीत. त्यांनी अन्नही वाचवलं आणि मलाही. उरलेला माणूससुद्धा ती टाकत नाहीत, हे माझं नशीब.

राहता राहिलं काकूंचं पीठ. उसनं परत द्यायचं ते आपल्या हातचं, असं शोभाचं म्हणणं. म्हणून तिनं परवा पुन्हा तांदूळ भिजवले. आणि नेमकं काल बहिणीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. शोभाला स्टँडवर सोडायला मी रिक्षा आणली. ती बाहेर आली, हातात नेहमीची बॅग आणि एक वेगळी पिशवी. पिशवी जड दिसत होती.

"यात काय?"

"पातेलं."

"कसलं?"

"काकूंचे तांदूळ."

"अगं, भिजलेले तांदूळ घेऊन एसटीनं लासलगावला?"

"उद्या पाणी बदलायचंय त्यांचं."

"मी बदललं असतं की!"

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो. दिवाळीत लहान पोर "रॉकेट मी लावतो" म्हणतं, तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो ना, तसं.

"तुम्ही एक करा," ती म्हणाली, "स्टँडपर्यंत मांडीवर धरून बसा. हिंदकळू देऊ नका."

मी धरून बसलो. पूर्ण रस्ताभर, दोन्ही हातांनी. माझ्यावरचा विश्वास काही अगदीच उडालेला नाही. झाकण तेवढं तिनं सुतळीनं बांधलं होतं. गाठ इतकी बारीक, की ती उकलायला मला चष्मा लागला असता. आणि चष्मा तिच्या पर्समध्ये होता.